मुलामा

प्रेमलानं कुंकवात बोट बुडवलं आणि आरशाच्या बरोबर मध्यावर टेकवलं. वर चार अक्षता टाकल्या. पाटावर आरशाशेजारी पान्हा, पक्कड आणि मधुकरचा कॅल्क्युलेटर मांडला होता. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करायची, आणि या घरात आरशाइतका मान दुसऱ्या कुठल्याच वस्तूला नव्हता. सकाळी मधुकरनंच तो मऊ कापडातून काढून पाटावर ठेवला होता आणि अंघोळीला गेला होता.

मागच्या दसऱ्यालाही तिनं अशीच पूजा केली होती. तेव्हा ती नुसती काच होती. कुंकू नळाखाली धरून धुतलं, संपलं. या वेळी ती काच पावणे गावातल्या एका कारखान्यातून ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आली होती. तो मुलामा इतका नाजूक की त्याला कोरडं फडकंसुद्धा लावायचं नसतं. हे मधुकरला चांगलं ठाऊक होतं. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आरसा शाळेच्या दुर्बिणीचा होता. ऐरोलीच्या शाळेच्या गच्चीवर ती दुर्बीण बसणार होती. आरसा विकत कशाला आणायचा, मी घरी घासून देतो, असं मधुकरनं शाळेच्या कमिटीत छातीठोकपणे सांगितलं होतं. अमेरिकेनं अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीचा आरसासुद्धा चुकीचा घासला गेला, शेवटी वर जाऊन तिला चष्मा लावून यावं लागलं, ही गोष्ट तो घरी येईल त्याला रंगवून सांगायचा. “आणि आपला बघा,” म्हणायचा.

आता हा ‘आपला’ म्हणजे कुणाचा? मधुकर सकाळी डबा घेऊन कंपनीत जायचा. गॅलरीत रेतीनं भरलेलं पिंप होतं. पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी, दोन्हींच्या मध्ये पाण्यात कालवलेली खरखरीत पूड. त्या पिंपाभोवती फिरत फिरत दिवसभर घासायची प्रेमला. रविवारी मधुकर दिवा आणि ब्लेड घेऊन अंधाऱ्या पॅसेजमध्ये बसायचा, आरशात कुठं उंचवटा राहिलाय ते शोधायचा. सोमवारी ती पुन्हा पिंपाशी उभी. दीड वर्षात तिचा उजवा खांदा कायमचा धरला.

दुर्बिणीवर पितळी पट्टी लागणार होती. “त्यावर तुझं नाव आधी घालायला सांगतो,” असं मधुकरनं एकदा जेवता जेवता कबूल केलं. तिनं काही मागितलं नव्हतं. पण नवऱ्यानं आपण होऊन म्हटल्यावर ती वाट बघायला लागली. साताऱ्याला माहेरी कळवूनही टाकलं.

“अगं, हे काय करून ठेवलंस!”

मधुकर टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला होता. त्यानं आरसा पाहिला आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजली. कमिटीचे रावसाहेब येणार होते, आरसा बघायला आणि पट्टीवरचा मजकूर ठरवायला. मधुकर पुरता बावचळला. हातातला टॉवेल त्यानं तसाच आरशावर दाबला आणि कुंकू खसाखसा पुसून काढलं. टॉवेलाखाली अक्षता फरफटत गेल्या.

“अहो, पाण्यानं...” प्रेमला म्हणेपर्यंत आरसाभर ओरखडे उठले होते.

रावसाहेब आत आले, पाटापाशी वाकले. “अरेरे! हे कशानं हो?”

“हिनं पूजा केली,” मधुकर म्हणाला. “कुंकू लावून ठेवलं, साहेब. आता काय बोलायचं?”

प्रेमलानं टॉवेलाकडे पाहिलं. तो अजून त्याच्याच हातात होता.

“वहिनीपण मदत करतात की काय यात?” रावसाहेबांनी विचारलं.

तिनं पदर नीट केला. राग आला होता, तरी तिला वाटलं, आता तरी हा सांगेल. चूक माझी म्हण, काही म्हण, पण आरसा घासला कुणी ते सांग.

“छे हो!” मधुकर हसला. “आज पहिल्यांदा हात लावला, तर बघा ही गत.”

“बरं, टेन्शन घेऊ नका. मुलामा परत चढवता येतो ना? मग झालं.” रावसाहेब खुर्चीत बसले. “पट्टीवर तुमचं एकट्याचंच नाव घालायला सांगतो.”

“माझं नाव कशाला, साहेब,” मधुकर म्हणाला. पण नको काही म्हणाला नाही.

रावसाहेबांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. “वहिनी, आता दुर्बिणीपासून लांब राहा हं,” असं हसत हसत बजावून ते गेले.

दार लागल्यावर मधुकर थोडा वेळ उगाच घुटमळला. “बाहेरच्या माणसापुढं तसं म्हणावं लागलं गं,” म्हणाला. प्रेमला रिकाम्या वाट्या गोळा करत होती. तिला अपमान झोंबला होता, आणि तो त्याला दिसत नव्हता म्हणून जास्तच झोंबला होता.

त्यानं आरसा खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला. “मुलामा काढून टाकला की काच परत पॉलिशला घ्यावी लागणार. मला कुठला वेळ? तू उद्यापासून पिंपाशी उभी राहशील ना?”

“मी?” प्रेमला म्हणाली. “मला कुठं येतं ते? मी आज पहिल्यांदाच हात लावला.”