वहिनीचा गरम घास

बर्गरच्या दुकानात प्राध्यापक मृणालने एक चवपट्टी वहिनीच्या मनगटाला बांधली, दुसरी स्वतःच्या. आता वहिनीच्या घासाची चव आणि त्यातलं सुख तिला कळणार होतं. ‘फास्ट फूड म्हणजे गृहिणींचा आळस’ हा निष्कर्ष लिहून तयार होता, फक्त पुरावा हवा होता.

“खा गं वहिनी, संशोधनासाठी आहे.”

“मग पचेल ना, वन्सं?” म्हणत वहिनीने घास घेतला.

मृणालच्या जिभेवर चीज आलं, मीठ आलं आणि पाठोपाठ डोळे भरून यावेत असं सुख. एवढं काय आहे यात? घास गरम होता, इतकंच.

घरी तव्यावरची पोळी थेट मृणालच्या ताटात पडायची. वहिनी सगळ्यांच्या मागून गार जेवायची.

मृणालने मान खाली घालून पट्टी सोडली.

वहिनीने अर्धा बर्गर तसाच ठेवला. “निघू या, वन्सं. कणीक भिजवायचीय. तुम्हाला पोळी गरमच लागते.”