हद्दीपलीकडची मावशी

आईची धाकटी बहीण तान्ही असतानाच दत्तक गेली आणि पुढे संबंध तुटला. आईला गाव आणि जिल्हा एवढंच ठाऊक होतं. मी त्या जिल्ह्यातल्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. सगळीकडे एकच उत्तर: "असं गावच नाही आमच्याकडे." शेवटी एका जुन्या नकाशात ते सापडलं. सीमा बदलल्यावर गाव शेजारच्या जिल्ह्यात गेलं होतं. रविवारी आईला घेऊन मी विचारत विचारत मावशीच्या दारात पोचले. पिकल्या केसांच्या मावशीनं दार उघडलं. "मी तुझी ताई. किती शोधलं गं तुला!" आई हुंदके देत म्हणाली. "मी इथेच होते, ताई. जिल्हाच उठून गेला." मावशी रडता रडता हसली. मग तिनं हळूच विचारलं, "आपली आई दिसायला कशी होती गं?" आईनं तिला खांद्यांना धरून आरशासमोर उभं केलं. "बघ. अगदी अशी."