सख्ख्यांची खिडकी

पोलीस ठाण्याच्या भिंतीला खिडक्या दोन होत्या आणि रांग एकच. डावीकडच्या खिडकीत हरवलेल्या वस्तूंची नोंद व्हायची, उजवीकडच्या खिडकीत कोठडीतल्या माणसांसाठी सामान घ्यायचे. रांगेतला माणूस नक्की कुठे जाणार हे त्याचा नंबर लागेपर्यंत कळायचं नाही, आणि त्या सकाळी प्रत्येकाला तेच सोयीचं होतं.

कारण आत मावशी होती. मारकुट्या नवऱ्यांच्या घरून पळालेल्या बायकांना जिने उभा जन्म आसरा दिला, ती मावशी. केस पिकले होते, गुडघे गेले होते. बायकांना घेऊन चौकात धरणं धरून बसली म्हणून परवा तिला उचललं होतं. समोरच्या फुटपाथवर साध्या कपड्यातला एक माणूस रांगेचे फोटो काढत होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. खरं तर कोणी कोणाकडेच बघत नव्हतं.

रांगेत एक इस्त्रीवाली उभी होती. इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. दाढ दुखतेय अशी थाप मारून इथे आली होती. हातातल्या पिशवीत लोकरीचे मोजे होते आणि मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या. नवरा सरकारी गाडीवर ड्रायव्हर, राहायचं घरही सरकारीच. इथे नाव लिहिलं गेलं की नोकरी जाणार, आणि नोकरीच्या मागोमाग घर. सासूने सकाळीच बजावलं होतं, "त्या बाईच्या नादाने माझ्या मुलाच्या पोटावर पाय आणलास, तर याद राख."

तिच्या पुढे एक नर्स होती. नंबर आला तशी नर्सने उजवीकडे बघितलं आणि ती डावीकडे वळली.

"छत्री हरवली," ती म्हणाली.

तिच्या पुढच्या कंडक्टरचीही छत्रीच हरवली होती. त्याच्या पुढच्या मास्तरांचीही. पावसाचा पत्ता नसताना गावात इतक्या छत्र्या हरवल्या होत्या की डावीकडचा शिपाई लिहून लिहून वैतागला होता. एरवी इस्त्रीवाली पोट धरून हसली असती. आता तिला रडू येत होतं, कारण तिच्याही जिभेवर छत्रीच होती.

पाय मात्र कसे कोण जाणे, उजवीकडे गेले.

"कोणासाठी?" हवालदाराने विचारलं.

"मावशींसाठी."

"तू कोण त्यांची?"

"भाची."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काल दिवसभर भाच्यांचं पीक आलं होतं. बाईला ना बहीण ना भाऊ, मग भाच्या काय आभाळातून पडल्या? इथे सख्खं नातं लागतं. सख्खी कोण आहेस?"

"मुलगी," ती म्हणाली, आणि तिचे कान गरम झाले.

"बाईंचं लग्नच झालेलं नाही!" हे त्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. "पोलिसाशी खोटं बोलतेस? नाव सांग. नवऱ्याचंही सांग."

तिला स्वतःचं नावही आठवेना.

"नाव मी सांगते," मागून आवाज आला.

डोक्यावरून शाल ओढून घेतलेली एक म्हातारी रांग मोडून पुढे आली. सासू! आता ही चारचौघांत थोबाडीत मारणार आणि फरफटत घरी नेणार, याबद्दल इस्त्रीवालीला शंका उरली नाही.

"ही माझी सून," सासू हवालदाराला म्हणाली. "हिला मागणी घालायला मी कोणाच्या घरी गेले होते? तुम्ही आत बसवलीय तिच्या. लग्नात मुलीची आई म्हणून कोण उभी राहिली? तीच. मग ती माझी कोण झाली, तुम्हीच सांगा."

त्याच्या उत्तरासाठी ती थांबली नाही.

"विहीण झाली. आणि लग्नात आमच्या माणसांना जेवण कमी पडलं, त्यावरून आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. तिला तुम्ही कोंडून ठेवलीत. आता मी भांडू कोणाशी?"

रांगेत कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. इस्त्रीवाली सासूच्या तोंडाकडे बघत होती. लग्नापासून आजवर त्या तोंडून 'विहीण' हा शब्द निघाला नव्हता. 'ती बाई' म्हणायची, फार तर 'तुझी ती'. सासूने खिडकीचा गज घट्ट धरला होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी भांडायला उभी आहे. पण गज सोडला असता तर ती तिथेच बसली असती.

बाहेर पडलेली नर्स परत आली आणि गुपचूप उजवीकडे, सासूच्या मागे उभी राहिली. तिच्यामागे आणखी कोणी येऊन थांबलं. फोटोवाला रस्ता ओलांडून जवळ आला.

हवालदाराने पिशवी आत ओढली. मग पेन उचललं.

"पत्ता," तो म्हणाला. "खरा."

"आई, नको," इस्त्रीवाली कुजबुजली आणि तिने सासूचा दंड धरला.

सासूने दंड सोडवून घेतला नाही, पण ऐकलंही नाही. "सरकारी वसाहत. मागची इमारत, दुसरा मजला, डाव्या हाताचं घर."

त्याचं लिहून होईपर्यंत ती थांबली.

"बेल बंद आहे," ती म्हणाली. "याल तेव्हा दार वाजवा."