सुईवर अडकलेलं कार्ड

"या खेपेले तुमचं कार्ड पडलंच समजा," अंजना नवऱ्याला म्हणाली आणि तिने स्वेटर विणायची लांब सुई हातात घेतली.

वाशीमच्या नोकरी-नोंदणी कचेरीत ही पद्धत तिनेच बसवली होती. प्रत्येक उमेदवाराचं एक कार्ड, कार्डाच्या कडेला भोकांची रांग, एकेका भोकाला एकेक कामधंदा. लोक मास्तर लिहीत, गुरुजी लिहीत, कोणी टीचर. अंजना त्या सगळ्यांचं एकच भोक कडेपर्यंत कापून खाच करी. शाळेचा शिपाई मात्र वेगळा. गठ्ठ्याच्या हव्या त्या भोकातून सुई ओवून उचलली, की खाच असलेली कार्डं टपटप खाली पडत, बाकीची लटकून राहत.

खाचांचे कपटे जमिनीवर सांडत आणि तिचं रांगतं लेकरू ते वेचून तोंडात घाली. तिचा एक डोळा कायम खाली. आज सकाळीही पेज भरवताना तिने त्याच्या मुठीतून एक कपटा काढून घेतला होता.

आता ते बापाच्या मांडीवर होतं. बी.एड. होऊन घरी बसलेल्या पुंजाजीला जऊळक्याच्या शाळेतली जागा हवी होती.

"मी लागलो का तू नोकरी सोड," तो म्हणाला. "आसेगावले मायजवळ राह्य. लेकराचे हाल होऊन राह्यले इथं."

"आधी पेढा तं ठेवा हातावर!" ती हसली.

कचेरीचे मोहनसिंग साहेब खुर्ची ओढून जवळ आले. "चालू द्या, बाई."

तिने सुई ओवली, उचलली, हलवली. चार कार्डं पडली. पुंजाजी वाकला. त्याचं त्यात नव्हतं.

"अजून एक डाव हालव!"

तिने जोरात हलवलं. लेकरू खिदळलं. पुंजाजीचं कार्ड सुईवर नुसतं झुललं.

"खाच मारायची राह्यली असन," म्हणत साहेबांनी हात पुढे केला. "काढू का हातानं?"

"नको साहेब. घरचा माणूस आहे. लोक म्हणतील, बायकोनं लावून दिलं. सुईनं पडेल तेच."

साहेबांचा हात थांबला. "खरं हाये. तुमच्यासारखी मानसं पाह्यजेत हापिसात."

"काहून अडकलं असन वं?" पुंजाजी पुटपुटला.

"पुढच्या खेपेले पडन," म्हणत तिने लेकराला कडेवर घेतलं.

पुंजाजी आणि साहेब बाहेर गेल्यावर तिने ते कार्ड सुईवरून काढलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. सकाळच्या पेजेनं चिकटवलेला कपटा खाचेत पक्का बसला होता.