आरबटसाहेबाचं गाऱ्हाणं

थडग्याच्या संगमरवरावर कोंबड्याचं रक्त वाळून काळं पडलं होतं. त्यावर माश्या बसल्या होत्या. कोरलेल्या अक्षरांत शेंदूर भरला होता आणि पायथ्याशी भिजून लगदा झालेली बिस्किटं, विड्यांची थोटकं, रिकाम्या बाटल्या. महिपतनं खांद्यावरचं फडकं नाकाला लावलं.

रत्नागिरीच्या जुन्या इंग्रजी चर्चच्या आवारात अशी बरीच थडगी होती. साहेबांची, त्यांच्या मडमांची, तापानं गेलेल्या पोरांची. चर्चच्या आत भिंतीवर एकेका घराण्याच्या नावाच्या पाट्या होत्या, पितळी आणि संगमरवरी. पाद्री वर्षातून एकदोनदा यायचा. एरवी किल्ली सांभाळणाऱ्या बाबूचं राज्य. या थडग्यातला आरबटसाहेब नवसाला पावतो ही आवई त्यानंच उठवली होती, आणि साहेबाला वाहिलेली दारू साहेबाच्या वतीनं तोच पीत असे.

"आत पाटीवर लिवलेलं हाय," बाबू बायांना सांगत होता. "गरिबांचा बाप व्हता म्हणून."

बायांनी कानशिलावर बोटं मोडली.

महिपतची सून चिमा पोराला घट्ट धरून उभी होती. तिचा नवरा केरू मुंबईला गिरणीत. श्रावणात पोर तापानं फणफणलं, डोळे पांढरे केले, तेव्हा शेजारणींच्या नादानं ती नवस बोलून गेली होती. पोर वाचलं तर साहेबाच्या पायावर घालीन, त्याचा चाकर करीन. पोर वाचलं. आता नवस फेडायला वाडीतली माणसं आली होती आणि गाऱ्हाणं महिपतनं घालायचं होतं. वाडीत तो मान त्याचाच. आठवडाभर तो नाही म्हणत राहिला. मग चिमानं जेवण सोडलं.

"चिमे, अजून सांगतो," महिपत म्हणाला. "ह्याच साहेबानं माझा बापूस मारलान. छताचा पंखा दोरीनं ओढताना डुलकी लागली, तर बुटाची लाथ घातलान पोटात."

"मामंजी, नवस फेडला नाय आनि पोराला काय झालं तर?" चिमाचा आवाज चिरकला.

"आरं, जुनं झालं तं," कोंबडा काखेत धरून उभा असलेला भागोजी म्हणाला. "आनि एका लाथंत मानूस मारलान, त्यो काय साधा आसल? म्हणून तर कडक हाय."

सगळ्यांच्या माना डोलल्या.

महिपतला शिसारी आली. ज्या लाथेनं बाप मेला, ती आता साहेबाच्या देवपणाचा दाखला झाली होती. खटल्यात गोऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं की बापाची, रावजीची, पानथरीच म्हणजे प्लीहा आधीपासून फुगलेली होती, लाथेचं निमित्त झालं. साहेब सुटला. तेव्हासुद्धा महिपतला इतकी किळस वाटली नव्हती. ते लोक परके होते.

चिमानं पोराला थडग्यावर ठेवलं. पोरानं चिकट दगडावर हात फिरवला आणि शेंदरानं माखलेलं बोट तोंडात घातलं.

महिपत नारळ घेऊन पुढे झाला. गाऱ्हाण्यात एकानं देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी वाक्यागणिक होकार भरायचा, अशी रीत. काय बोललं जातं ते कोण ऐकतो? बोलणारा थांबला की तोंडं आपोआप उघडतात.

"बा साहेबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज वाडी तुझ्या पायाशी आलीय."

"व्हय म्हाराजा!"

"रावजी तुझा चाकर व्हता. रात रात तुझा पंखा ओढायचा."

"व्हय म्हाराजा!"

"त्याला तू लाथ घालून मारलास."

"व्हय म्हाराजा!"

एकाचाही आवाज अडला नाही. भागोजी तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. महिपतनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बाबूची नजर बाटलीवर होती, भागोजीची कोंबड्याच्या मानेवर. बाया डोळे मिटून होत्या. चिमाही हात जोडून होकार भरत होती.

"तो मेला आनि तू सुटलास."

"व्हय म्हाराजा!"

"तुझं नाव दगडावर ऱ्हायलं. त्याचं कुठंच नाय."

"व्हय म्हाराजा!"

महिपतनं पोराकडे बोट केलं.

"ह्यो त्याचा पणतू. ह्यो बी तुझा चाकर."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या पायाशी टाकलाय. घाल ह्याच्या पोटात लाथ!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय!"

चिमा किंचाळली. तिनं झडप घालून पोराला दगडावरून उचललं. पोर घाबरून रडायला लागलं. तिनं त्याच्या तोंडातलं बोट ओढून काढलं आणि पदरानं त्याचे हात, त्याची पाठ, त्याचं कपाळ खसाखसा पुसायला लागली. शेंदूर निघेना. पदराला थुंकी लावून ती पुन्हा पुसू लागली.



"येडी का खुळी तू?" भागोजी खेकसला. "गाऱ्हान्यात नाय म्हनतात व्हय?"

महिपतनं नारळ फोडला नाही. तो चिमाच्या ओटीत टाकला.

"घरी चल," तो म्हणाला. "ह्यो सांजच्या कालवणात घाल."