चार घरटी

सुनावणीला अधिकारीबाईंनी वर्गाची वही उघडली, तेव्हा विज्ञानाच्या मास्तरांना मनातून बरं वाटलं. शाळेमागचं तळं बुजवून तिथे गोदाम बांधायचं घाटत होतं. सहा वर्षं मास्तर आठवीच्या मुलींना दर शनिवारी त्या तळ्यावर नेत, गुडघाभर चिखलात उभं करून पाणपक्षी मोजायला शिकवत. त्या खटाटोपाचं आता चीज होणार होतं.

बाईंनी वहीची तोंडभरून स्तुती केली. इतकी काटेकोर नोंद आमच्या खात्याकडेही नाही, म्हणाल्या. मग शेवटचं पान वाचलं. टिबुकल्या या पाणपक्ष्यांची घरटी, चार. पाच असती तर तळं विणीची जागा ठरलं असतं आणि कुणाला हात लावता आला नसता. चारांना तो नियम लागत नव्हता.

मास्तर उठले. पाचवं घरटं असावं, म्हणाले. लव्हाळ्याच्या आतून पिल्लांचा आवाज येत होता.

"तुम्ही पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागच्या खुर्चीवर त्यांच्याच वर्गातली एक मुलगी बसली होती. आवाज तिने ऐकला होता, आणि तिने वहीत पाच लिहिलंही होतं. डोळ्यांनी दिसलं नाही ते लिहायचं नाही, असं बजावून मास्तरांनीच तो आकडा तिला खोडायला लावला होता. ती आता एकटक त्यांच्याकडे बघत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

असे प्रामाणिक शिक्षक हल्ली राहिले नाहीत, असं म्हणत बाईंनी गोदामाच्या परवानगीवर सही केली. बाहेर पडताना गोदामवाल्याने मास्तरांचा हात हातात घेतला आणि शाळेला एक चांगली दुर्बीण द्यायचं कबूल केलं. मुलगी तोवर निघून गेली होती.

महिन्याभरात भरावाचे ट्रक सुरू झाले. त्या शनिवारी धूळ आत येऊ लागली, म्हणून मास्तरांनी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. मग पाठ्यपुस्तक उघडलं आणि पाणथळ जागांचे फायदे एकेक करून फळ्यावर लिहिले. मुली मुकाट्याने उतरवून घेत होत्या.

तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली.

"सर, हे पाठ करायचं का?"

मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते.

"हो," ते म्हणाले. "परीक्षेला येतं."