कोळेवाडीच्या माळावरचा पाऊस

सुगंधा खिलारेने गावविहिरीतला थेंब पाण्याचा उगम आणि वय सांगणाऱ्या यंत्रात टाकला, तेव्हा तो डोंगरावरच्या कोळेवाडीच्या माळावर पडलेला पाऊस निघाला. त्या माळावर आता दवाखाना व्हायचा होता. नव्या नियमाप्रमाणे ते पाणी पिणाऱ्या गावाची संमती हवी होती आणि पाणी समितीची अध्यक्ष म्हणून सही सुगंधाची लागणार होती. त्याआधी तिला तो माळ बघायचा होता.

कोळेवाडीचे सरपंच बिरूअण्णा तिला मुरमावर घेऊन गेले. "इथं सगळा पाऊस जिरतो. पुढं कुठं जातो, ते आजवर ठाऊक नव्हतं."

"आमच्या विहिरीत. पोचायला बत्तीस वर्षं लागतात."

"म्हणजे यंदाचा पाऊस पिणारे अजून जन्मायचेत?"

"बरेचसे."

अण्णांनी माळापलीकडे बोट दाखवलं. "मग दवाखाना पलीकडच्या कातळावर बांधू, तिथं सांडपाणी जिरणार नाही. वर्षभर उशीर होईल. तोवर आमचे आजारी तुमच्या दवाखान्यात घ्याल?"

"गाडीही आम्हीच पाठवू," सुगंधा म्हणाली.